गाळलेलं पान

सदाबुवांनी लाल कापडाची गाठ सोडली आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं ते पुस्तक दोन बोटांत धरून चौरंगावरून उचललं.

"हे वाचताय तुम्ही? आठवडाभर?"

देवळात बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. रोज वाचणारी प्राची खांबाला टेकून बसली होती. सकाळपासून तिचा घसा बसला होता, म्हणून तर समाप्तीच्या कीर्तनाला चौलाहून आलेल्या बुवांनाच शेवटचा अध्याय वाचायची गळ घातली होती.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ॐ होता आणि त्याच्याभोवती अणूची कडी गरगरत होती. मागच्या बाजूला लेखकाचा गॉगल लावलेला फोटो. बायकांनी रोज भक्तिभावाने लावलेल्या हळदीकुंकवाने गॉगलच्या दोन्ही काचा माखून गेल्या होत्या.

"पोथीच हाय ना?" नीराबाई म्हणाल्या. कोळीवाड्यातल्या सगळ्या पारायणांचं पुढारपण त्यांच्याकडे असे. "देवाच्या पायाशी ठेवली व्हती. रेशमी कापडात."

बुवांना हळूहळू उलगडा झाला. पियूष नावाच्या मुंबईच्या लेखकाने नागावला बंगला घेतला होता. कादंबरीची पहिली प्रत त्याने या देवळात आणून ठेवली, 'यात जीवनाचा अर्थ आहे' असं गुरवाला सांगितलं आणि गाडीत बसून तो निघून गेला. गुरवाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पावसाळ्याचे दिवस, होड्या वाळूवर ओढलेल्या, जाळी माळ्यावर गेलेली. दुपारच्या मोकळ्या वेळात दरवर्षी कुठलीतरी पोथी लागतेच. यंदा ही लागली.

"अहो, ही कादंबरी आहे, नीराबाई. गोष्ट. माणसाने खुर्चीत बसून रचलेली."

"मंग पोथ्या काय झाडाला लागतात?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बुवांनी पानं चाळली. डॉक्टर अद्वैत नावाचा कोणी शास्त्रज्ञ परदेशातल्या प्रयोगशाळेत बसून ब्रह्म शोधत होता. एका पानावर अणूचं केंद्र म्हणजे श्रीकृष्ण आणि भोवती रास खेळणाऱ्या गोपी म्हणजे इलेक्ट्रॉन, असं लिहिलेलं सापडलं आणि बुवांचं तोंड आंबट झालं. कीर्तनात त्यांनी स्वतःही कधीमधी मोबाइलच्या टॉवरची आणि नामस्मरणाची जोड जुळवली होती, नाही असं नाही. पण ती पेंगणाऱ्यांना जागं करायला. हा गृहस्थ ते गंभीरपणे सांगत होता. साखरेच्या पाकात बुडवून, वर मध ओतून.

"बुवा, ते इलेट्रान सोळा सहस्र व्हते का वो?" मागून एका म्हातारीने विचारलं. "प्राचीला सांगता आलं न्हाय."

बुवांनी पुस्तक खाली ठेवलं. "हे मी वाचणार नाही. नुसतं कीर्तन करतो."

नीराबाई उठून जवळ आल्या आणि खालच्या आवाजात बोलल्या. "घेतलेलं पारायण अर्धं टाकता येत न्हाय, तुमाला काय सांगायचं. आनि ती बसलीय बघा समोर. केसर."

केसरला बुवा ओळखत होते. गेल्या हंगामात तिच्या नवऱ्याची, हसुरामची, होडी कोर्लईच्या पलीकडे फुटली. बरोबरचे दोघे पोहत आले. हसुराम आला नाही, त्याचं प्रेतही लागलं नाही. गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, सुतक फेडावं, असं सासरे कधीचे म्हणत होते. केसर दर वेळी पुढे ढकलायची.

"आता म्हनते, पारायण संपू दे, मंग काय ते सांगते," नीराबाई म्हणाल्या. "फळ मागून बसलीय ती. नीट वाचा."

बुवांनी चष्मा लावला. एका बाईची आस या असल्या बाडावर टांगलेली असावी, याचीच त्यांना किळस आली. मनाशी त्यांनी एक ठरवून टाकलं: वाचन उरकायचं आणि मग कीर्तनाला उभं राहिल्यावर पूर्वरंगातच या पुस्तकाची सालं काढायची.

अध्याय सुरू झाला. वाक्यं लांबलचक, ना ठेका ना विसावा. चैतन्य, कंपनं, विश्वाची स्पंदनं. बुवा चिंचेचा चोथा चघळावा तसे वाचत होते. कीर्तनकाराची नजर तोंडाच्या चार ओळी पुढे असते, तशी त्यांची होती. डॉक्टर अद्वैतचा धाकटा भाऊ जहाजावरून समुद्रात पडतो आणि सापडत नाही, इथवर आल्यावर ती नजर पुढच्या पानावर गेली आणि तिथेच अडकली.

असं कोणी लिहितं? आणि लिहिलं तर लिहिलं, ते या देवळात, मासे कापून पोट भरणाऱ्या बायकांसमोर वाचायचं? केसरसमोर?

त्यांनी बोट ओलं केलं, दोन पानं एकदम उलटली आणि आवाज न बदलता पुढे सुरू केलं. "पहाटे समुद्र शांत होता..."

"बुवा."

केसर बोलली होती. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून ती बसली होती.

"पान गाळलंत."

"चिकटलं असेल. दमट हवेने पानं चिकटतात."

"त्याचा कोपरा दुमडलेला हाय. मीच दुमडलाय."

बुवांनी मागे उलटून पाहिलं. कोपरा दुमडलेला होता.

"म्हणजे तू वाचलंयस."

"प्राची कापडात बांधून ठेवायची, तेव्हा एकदा उघडून बघितलं. किती राह्यलंय म्हनून."

"मग परत कशाला, बाय? ते घाण आहे."

"व्हय. घाण हाय," केसर म्हणाली. "सगळी मला सांगतात, येईल. न्हाय तर सांगतात, देवाघरी गेला. हे माज्या मनात रोज येतं. बाजारात टोपली उघडली की येतं. पन चारचौघांत कुनी बोललं न्हाय. तुमी वाचा."

नीराबाईंनी मान खाली घातली होती. बुवांनी आधारासाठी साथीला आलेल्या पेटीवाल्याकडे पाहिलं, तर तो भात्याशी चाळा करत बसला होता. शेवटी त्यांनी गाळलेलं पान समोर धरलं.

आयुष्यभराच्या सवयीने आवाज चालीत शिरू लागला तसा त्यांनी तो आवरला. गाऊन सांगण्याजोगं यात काही नव्हतं.

"समुद्राने त्याला गिळलं नाही. समुद्राला तोंड नसतं. त्याला माशांनी खाल्लं. जे जे मऊ ते आधी. आधी डोळे, मग ओठ. खेकड्यांनी बोटं नेली. हाडांतला चुना विरघळला, तो शिंपल्यांनी घेतला. आता तो कुठेच नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. आणि तो परत येईल असं म्हणणाराही."

मागच्या रांगेत कोणीतरी उमाळा दाबला. एक बाई पदर तोंडावर धरून बाहेर गेली. अन्न हेच ब्रह्म, असं बुवांनी किती गावांत, किती मांडवांत सांगितलं होतं. सांगताना त्यांच्या डोळ्यांपुढे नेहमी वाफाळलेला भातच असायचा.

पुढची ओळ होती: "ऊर्जा अविनाशी आहे, हे उमगून डॉक्टर अद्वैत प्रसन्न हसला." हसला, हा शब्द उच्चारताना बुवांच्या दाताखाली वाळू आली. त्यांनी मान वर केली. केसर हसली नव्हती आणि रडतही नव्हती. जड टोपली डोक्यावर ठेवण्याआधी बाया श्वास घेतात, तसा तिने एकदा घेतला.

उरलेली पानं त्यांनी वाचून संपवली. शेवटी लेखकाने बायकोचे, प्रकाशकाचे आणि आपल्या मांजराचे आभार मानले होते. तेवढे वाचायचे बुवांनी टाळले.

बायका हात जोडून तशाच बसून राहिल्या.

"फलश्रुती ऱ्हायली," नीराबाई म्हणाल्या. "ऐकल्याचं फळ काय?"

"यात ती नाही."

"असं कसं? फळाबिगर पोथी असते व्हय?"

बायकांत कुजबुज झाली. चार ओव्या जुळवणं बुवांना अवघड नव्हतं. निर्धनाला धन, आंधळ्याला डोळे, हरवलेला घरी येई. शब्द जिभेवर येऊन थांबले होते. त्यांनी ते तिथेच ठेवले.

"ऱ्हाऊ द्या, मामी," केसर म्हणाली. मग आठवडी बाजाराचं काही विचारावं तशी म्हणाली, "पुतळ्याला गवत कंचं लागतं वो? आपल्याकडं मिळंल?"

नीराबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"दर्भ लागतो," बुवा म्हणाले. "आमच्या वाडीत आहे. उद्या पाठवतो."

"पाठवा. मी सासऱ्यांना सांगते."

बुवा कीर्तनाला उभे राहिले. गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला. पुस्तक त्यांना अजूनही भिकारच वाटत होतं आणि त्याची सालं काढायला लागणारी सगळी वाक्यं तयार होती. त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि नुसतं नाम सुरू केलं. विठ्ठल, विठ्ठल. पेटीने सूर धरला, मृदंगाने ठेका धरला, बायका टाळ्या वाजवू लागल्या. केसरही वाजवत होती. तिची टाळी सगळ्यांच्या मागून, अर्ध्या मात्रेने उशिरा पडत होती आणि तिच्या हातातल्या काकणांचा आवाज त्याहून उशिरा येत होता.

बुवांनी लय उतरवली. मृदंगवाल्याने चमकून वर पाहिलं. त्यांनी त्याला खुणेने सांगितलं, आणखी हळू. तिची टाळी ठेक्यावर येईपर्यंत ते हळूहळूच गात राहिले.