सोमवारचा बाख

घागरींच्या रांगेतून पाय वाचवत अण्णाराव पुढं सरकत होता, तेवढ्यात साखराबाईनं आपली रिकामी घागर मुद्दाम त्याच्या वाटेत आडवी केली.

"आले, वाजंत्री ऐकायला आले," ती बाकीच्या बायांना म्हणाली. "साहेब, तुमच्या त्या बाजाला पाणी लागत न्हाई तेच बरं. न्हाईतर त्यालाबी आमच्यासंगं रांगेत बसवलं असतं."

"उद्या येतो टँकर," अण्णाराव म्हणाला.

"उद्या तर रोजच येतो, साहेब. टँकरच तेवढा येत न्हाई."

बाया हसल्या. अण्णारावानंही हसल्यासारखं केलं. घागर त्यानं ओलांडली नाही. वळसा घातला आणि समोरच्या ओट्यावर चढला.

उदगीरच्या तहसिलीत तो टंचाईच्या टेबलावर कारकून होता. कोणत्या गल्लीला टँकर द्यायचा, कोणाची विहीर लोकांसाठी ताब्यात घ्यायची, हे त्याच्या टेबलावरून पुढं जायचं. लातूर जिल्हा नव्हता तेव्हा असले कागद उस्मानाबादेला जाऊन झोपायचे. आता नव्या जिल्ह्याची जीप सकाळी निघायची आणि चहाच्या वेळेला तहसिलीच्या दारात उभी राहायची. उद्या ती विहिरींसाठीच येणार होती.

ओट्यावर गुंडप्पा बसले होते. धान्याची अडत, दालमिल आणि परसातली जुनी विहीर, या सगळ्यांचे मालक.

"या साहेब. धाकटा वर हाय. सकाळपासून तोंड उघडलं न्हाई त्यानं. बघा तुमचा तो गोरा बाबा तरी त्याला बोलतं करतो का."

*

वर तबकडीवर सुई टेकण्याआधी विहिरीचं सांगायला हवं.

गेल्या पंधरवड्यात पंचनाम्याला अण्णारावच आला होता. गल्लीतली चार माणसं साक्षीला होती. विहिरीवर शहाबादी फरश्या आधीच टाकलेल्या. "लेकरंबाळं पडतील म्हणून झाकली," गुंडप्पा म्हणाले, आणि गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर तळहात ठेवून त्यांनी सांगितलं, "आटली. तळ उघडा पडलाय."

त्यावर कोणी दोर मागितला नाही. लिंगावर हात ठेवून बोललेल्या शब्दामागं दोर सोडायचा, म्हणजे त्या माणसाला जितेपणी पुरायचं. अण्णारावानं 'कोरडी' असं लिहिलं आणि सही केली.

आणखी एक कारण होतं, पण ते त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. सोमवारी अडत बंद असायची, आणि सोमवारी दुपारी या घराच्या वरच्या खोलीत गुंडप्पांचे धाकटे भाऊ बसवराजअप्पा तबकड्या लावायचे. बाख, हेंडेल, विवाल्डी, तिकडच्या गोऱ्यांचं जुनं संगीत. हैद्राबादेत शिकताना ते सिकंदराबादच्या एका म्हाताऱ्याकडे भाडेकरू होते. म्हातारा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. मरताना तो तबकड्यांचं खोकं यांच्या हवाली करून गेला. पुढं कित्येक वर्षं बसवराजअप्पा एकटेच ऐकत राहिले. एके दिवशी गल्लीतून जाणारा एक कारकून खिडकीखाली थांबला, आणि वाजणं संपेपर्यंत हललाच नाही.

"खालचा, जाडा आवाज कोणाचा हाय तो?" त्यानं वर बघून विचारलं होतं. "आमचे आजोबा गोंधळात मागं उभं राहून झील धरायचे. तसंच वाटलं."

बसवराजअप्पा जिना उतरून धावतच खाली आले होते. साऱ्या जिल्ह्यात खालचा आवाज ऐकणारा त्यांना तो पहिलाच माणूस भेटला होता.

आणि अण्णारावाला तर असं ऐकायला हे एवढं एकच घर होतं.

*

"पंखा का बंद, अप्पा? लाइट गेली का?"

"लाइट हाय."

परसाकडची खिडकी एरवी उन्हापायी लावलेली असायची. आज ती सताड उघडी होती. खोलीत भट्टीसारखी धग होती. अण्णाराव सतरंजीवर बसला, टोपी काढून तिनंच वारा घेऊ लागला.

"विवाल्डी लावा. तेवढंच वारं."

एरवी एवढ्यावर बसवराजअप्पा खवळायचे. 'तुमचा विवाल्डी म्हंजे पोळ्याचा बैल! शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. औताला जुंपा म्हणावं, मग बोला.' मग अण्णाराव म्हणायचा, 'आणि तुमचा बाख काय, बारमाही औताला? सण न्हाई, वार न्हाई?' अशी चहा येईस्तोवर जुंपायची.

आज बसवराजअप्पांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खोक्यातून बाखची तबकडी काढली. एकट्या चेलोची, त्या थोरल्या व्हायोलिनची. पांढऱ्या धोतराच्या सोग्यानं ती पुसली. सुई टेकवली. आवाजाची खुंटी मात्र वर चढवली नाही, खाली आणली. इतकी खाली, की अण्णारावाला टोपी हलवणं थांबवावं लागलं.

"हे काय? मुंगीला ऐकवायचंय का?"



पहिला भाग पळता होता. चेलो एकच, पण त्यात दोन माणसं बोलत असल्यासारखं वाटायचं. एक वर चढून भांडणारं, एक खाली बसून सगळं ऐकून घेणारं. अण्णारावाला तो पाठ होता. सवयीनं त्याचे कान खालच्या माणसाकडं गेले. भाग संपला.

मग दोन भागांमधली खरखर.

आणि त्या खरखरीच्याही खाली, काहीतरी.

अण्णारावानं मान वर केली. संथ भाग सुरू झाला होता. या भागात बाख एक सूर ठेवतो आणि थांबतो. दुसरा ठेवतो, थांबतो. प्रत्येक थांब्यात ते काहीतरी पुन्हा आलं. तबकडीतून नाही. खिडकीतून. बारीक धार पडल्यासारखं, पण दगडावर नव्हे. दगडावर पडलेल्या धारेचा आवाज फुटतो. हा फुटत नव्हता. गोल होऊन वर येत होता.

पाण्यावर पडणारं पाणी.

परसात फरश्या होत्या. फरश्यांखाली अंधार होता, आणि त्या अंधारात झरा चालू होता. अख्ख्या उदगिरात पाण्यावाचून मिली बंद पडल्या होत्या, गुंडप्पांची चालू होती. हे त्याला माहीत होतं. माहीत असून त्यानं त्याचा कधी विचार केला नव्हता.

ऐकलंच नाही असं करता येईल. सूर संपतील, चहा येईल, पुढचा सोमवार येईल.

बसवराजअप्पांनी हात पुढं केला आणि सुई उचलली.

तबकडी चालू असताना सुई उचललेली त्यांना खपत नसे. माणूस बोलत असताना त्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं आहे ते, म्हणायचे. त्यांनी ती मागं नेली, बरोबर त्या खरखरीवर ठेवली. पुन्हा खरखर. पुन्हा धार. पुन्हा पहिला संथ सूर. त्यांनी पुन्हा सुई उचलली. पुन्हा मागं.

तिसऱ्यांदा अण्णारावानं त्यांचं मनगट धरलं.

"बास, अप्पा. कळलं."

बसवराजअप्पांचे डोळे सतरंजीवरून वर आले नाहीत. थोरल्या भावानं लिंगावर हात ठेवून दिलेला शब्द धाकट्याच्या तोंडून मोडणं त्या घरात शक्य नव्हतं. आणि त्यांनी तोंड उघडलंच नव्हतं.

*

अण्णाराव खाली उतरला, तो ओट्याकडं न जाता परसात गेला. गुंडप्पा मागून आले.

"काय पाहिजे, साहेब?"

"दोर पाहिजे, थोरले. उद्या लातूरची जीप यायच्या आधी एकदा बघून घेतो."

"वर काय बोलणं झालं?"

"एक शब्दबी न्हाई."

गुंडप्पांनी वरच्या खिडकीकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

"मी लिंगावर हात ठेवलाय, अण्णाराव." 'साहेब' म्हणणं गळून पडलं होतं.

"म्हणून तर म्हणतो." अण्णाराव म्हणाला. "त्या दिवशी आटलीच असंल. झऱ्याचं काय सांगावं, मागून फुटला असंल. मी तसंच लिहितो."

गुंडप्पांचा हात छातीकडं निघाला. डबीपर्यंत पोचायच्या आत थांबला. मधल्या हवेत काही वेळ राहिला आणि खाली आला.

"फुटला असंल," ते म्हणाले. मग घराकडं तोंड करून, "नीलम्मा! पोहरा."

बसवराजअप्पांची बायको नीलम्मा दाराआडच उभी होती. पोहरा आणि दोर तिच्या हातातच होते.

फरशी सरकली. पोहरा खाली गेला, आणि दोर ओला होऊन वर आला. परसातलं ते खळखळणं गल्लीत कसं पोचलं कोण जाणे, पण मागच्या दारात बाया येऊन उभ्या राहिल्या. कोणी आत येईना. शेवटी साखराबाईनं घागर पुढं केली. अण्णारावानं ती भरली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, गुंडप्पांकडंही नाही. फक्त घागरीत बघितलं.

गुंडप्पा ओट्यावर येऊन बसले. अण्णाराव चपला घालत होता.

"एक ऐका," ते सावकाश म्हणाले. "पाणी सरकारचं झालं, न्या. पण सोमवारचं ते आता बंद. या घरात ते वाजणार न्हाई."

अण्णारावानं मान हलवली. पाणी उघडलं की सोमवार जाणार, हा हिशेब त्यानं जिना उतरतानाच केला होता. तो गल्लीत उतरला.

मागं जिना वाजला. बसवराजअप्पा खाली येत होते. दोन्ही हातांत तबकड्या वाजवायची पेटी, खांद्यावर तिची लोंबणारी वायर, काखेत तबकड्यांचं खोकं. थोरल्या भावाच्या समोरून जाताना ते क्षणभर थांबले, वाकले, पेटीखालच्या बोटांनीच त्यांच्या पायांच्या दिशेनं नमस्कार केला आणि ओट्याच्या कडेशी आले. तिथं ते उभे राहिले. पुढं कुठं, हे त्यांना माहीत नसावं.

समोरच्या दारात साखराबाई कमरेवरची घागर उतरवत होती.

"उन्हात काय उभे राहता, अप्पा?" ती म्हणाली. "आणा इकडं. आमच्याकडंबी लाइटचा बोर्ड हाय एक."

ओट्यावरून गुंडप्पांनी हाक मारली, "बसू!"

बसवराजअप्पांनी पेटी छातीशी घट्ट धरली आणि गल्ली ओलांडली.