एका धंद्याला एक खुर्ची

आर्लिस टोलेफसनने छातीवरचा बिल्ला काढला, पेनने ‘ग्रामीण स्वच्छता सेवा’वर काट मारली आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘संडासाच्या टाक्या उपसून मिळतील’. बिल्ला परत लावून तिने अंड्यांवर मिरपूड भुरभुरवली.

समोर बसलेल्या, विमा विकणाऱ्या व्हर्नाने डोळे मोठे केले.

“अगं बाई, कर्टिस बघेल ना.”

“बघू दे. वाचता येतं त्याला.”

दर मंगळवारी सकाळी सातला गावातले धंदेवाले कॅफेच्या मागच्या खोलीत जमत. नाश्ता करायचा आणि एकमेकांना गिऱ्हाइकं मिळवून द्यायची, एवढाच मंडळाचा उद्योग. एका धंद्याला एकच खुर्ची. प्रत्येकाने उभं राहून मिनिटभर बोलायचं आणि मिनिट संपलं की अध्यक्ष कर्टिस टेबलावरची पितळी घंटी वाजवणार. आर्लिसचा नंबर मात्र कायम शेवटी, सगळ्यांचं खाणं उरकल्यावर. खाताना असलं काही कानांवर नको, असं कर्टिसचं म्हणणं. चौदा वर्षं तिने हे चालवून घेतलं होतं. कर्टिस घरं विकायचा, आणि मिनेसोटाच्या या कोपऱ्यात टाकी तपासल्याशिवाय घर विकलं जात नाही. ती कामं तो तिच्याकडे पाठवायचा. तीच बंद झाली तर ट्रक विकून टाकायची वेळ येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आज तिच्या खुर्चीवरच मतदान होतं. शहरातल्या टाक्या उपसणाऱ्या मोठ्या कंपनीचा ट्रेंट नावाचा माणूस कडक इस्त्रीचा शर्ट घालून कर्टिसला चिकटून बसला होता.

“आर्लिसबाई, मनाला लावून घेऊ नका,” कर्टिस म्हणाला. “यांच्याकडे सहा ट्रक आहेत. मंडळाला जरा शोभेल असं...”

“माझ्या ट्रकला वास येतो, असं सरळ म्हण की.”

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

“माझं मिनिट मला आत्ता दे,” ती उठत म्हणाली. “बशा असू देत.”

कर्टिसने नाइलाजाने मान हलवली.

“मी आर्लिस. तुम्ही संडासात सोडता ते मी उपसते. एकोणतीस वर्षं उपसतेय. ऐन नाताळात बोलावलंत, आले. रस्ते बंद असताना आले. कुणाच्या टाकीत काय सापडलं ते माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. झालं माझं.”

घंटीला अजून बराच वेळ होता. तेवढा वेळ ती नुसती उभी राहिली आणि एकेकाकडे बघत राहिली. टोस्ट चावायचा आवाजसुद्धा थांबला.

मग ट्रेंटच्या बाजूने हात वर झाले. व्हर्नाचा सगळ्यात शेवटी, जेमतेम खांद्यापर्यंत, पण झाला. बाकीच्यांचं आर्लिसला फारसं काही वाटलं नाही. तो एक हात मात्र तिला लागला.

“एक विचारू?” ट्रेंट म्हणाला. “बाहेर दोन फूट बर्फ आहे. टाक्यांची झाकणं नेमकी कुठे आहेत ते कळणार कसं? कचेरीतले नकाशे फार जुने आहेत.”

सगळ्यांच्या नजरा आर्लिसच्या बशीशेजारी पडलेल्या मळकट वहीकडे गेल्या. कुणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून किती पावलं, कुठल्या झाडाकडे वळायचं, सगळं त्या वहीत होतं.

“त्यात काय, वही आर्लिसबाई देतील,” कर्टिस मोकळेपणाने म्हणाला. “आधी द्या, मग मागा. आपल्या मंडळाचा नियमच आहे.”

आर्लिसने वही कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

“चौदा वर्षं देतेच आहे, कर्टिस. आज मागते. ती घंटी दे मला.”

“घंटी?” इतक्यावर सुटका होतेय म्हणून कर्टिसला हायसंच वाटलं. “घ्या की. मंडळाची आठवण म्हणून.”

ट्रकमध्ये बसून तिने इंजिन चालू केलं. फेब्रुवारी कसा काढायचा, हे तिला खरंच कळत नव्हतं. रडू आलंही असतं, पण राग त्याहून मोठा होता. इंजिन तापेपर्यंत ती तशीच बसली.

काचेवर टकटक झालं. छपरं घालणारा एल्मर, कानटोपीसुद्धा न घालता आला होता.

“आर्लिस, शनिवारी बायकोचं सगळं माहेर येतंय. टाकी आत्ताच गुडगुड करतेय. येशील ना?”

“मत तर तू त्याला दिलंस.”

“ते मंडळातलं होतं गं,” एल्मर पाय आपटत म्हणाला. “हे घरचं आहे.”

त्याच्या मागे दाताचा डॉक्टर उभा होता, त्याच्या मागे कॅफेची मालकीण, आणि तिच्याही मागे व्हर्ना, हात काखेत घालून, खाली बघत. एवढ्यात त्या सगळ्यांना ओलांडून कर्टिस पुढे घुसला.

“आर्लिसबाई, शुक्रवारी तळ्याकाठच्या घराचा व्यवहार आहे. ट्रेंटला झाकणच सापडायचं नाही. टाकी तपासल्याचा कागद नसला तर...”

आर्लिसने काच पूर्ण खाली घेतली आणि घंटी समोर ठेवली.

“रांगेत उभा राहा. एकेकाला एक मिनिट. व्हर्ना, तुझा नंबर कर्टिसच्या आधी. आणि कर्टिस, तू शेवटी. सगळ्यांचं उरकल्यावर.”

तिने घंटी वाजवली.

“हं, एल्मर. बोल.”