वळणावरच्या दिव्यांचा जबाब

ॲल्विन हडार्टचं पेन्शन चौथ्या श्रेणीवरून खाली पहिल्या श्रेणीवर आणल्याचं पत्र आलं, तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा घेत बसले होते. पाकीट त्याच्या बायकोने, एव्हरिलने फोडलं, कारण ॲल्विनच्या डाव्या हाताला धड काही धरता येत नाही. तिने वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"तू बघ, लॉर्ना. यातलं निम्मं मला कळत नाहीये, आणि जे कळतंय ते मी चुकीचं वाचतेय असं वाटतंय."

ॲल्विन आणि मी सहा वर्षं एकाच गाडीवर कॉन्स्टेबल होतो. इंग्लंडच्या वायव्येकडचा आमचा तो डोंगराळ पट्टा. चोऱ्यामाऱ्या कमी, रस्त्यावर आलेल्या मेंढ्या जास्त. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत, सकाळी सातच्या सुमाराला, खिंडीच्या रस्त्यावर दुधाचा एक टँकर बर्फावरून घसरून आडवा झाला. ॲल्विन टँकरच्या ड्रायव्हरला बाहेर काढत होता, तेवढ्यात वरच्या वळणावरून एक व्हॅन आली आणि तिला थांबता आलं नाही. ड्रायव्हर वाचला. ॲल्विनचा खुबा मोडला, डाव्या हाताच्या नसा कायमच्या गेल्या. चौतिसाव्या वर्षी त्याचा गणवेश उतरला.

कामावर जायबंदी झालेल्या पोलिसाला आमच्याकडे वेगळं पेन्शन मिळतं. माणसाची कमावण्याची ताकद किती गेली त्यावर त्याच्या चार श्रेणी ठरतात. ॲल्विन सगळ्यात वरच्या, म्हणजे चौथ्या श्रेणीत होता. दोन हजार पाच साली फेरतपासणी झाली, तेव्हाही डॉक्टरांनी ती तशीच ठेवली. आणि आता, आणखी अकरा वर्षांनी, खात्याच्या नव्या डॉक्टरने दोन पानं लिहून पाठवली होती.

"मोठ्याने वाच," ॲल्विन म्हणाला.

मी वाचलं. खुब्याचं दुखणं आता वयोमानाचं आहे. हडार्ट शर्यतीची कबुतरं पाळतात, त्या अर्थी ते बैठं काम करू शकतात.

"म्हणजे कबुतरांनी मला पगारावर ठेवलंय तर," ॲल्विन म्हणाला. "त्यांनी हे मला कधी सांगितलं नाही."

एव्हरिल हसली नाही. मी पुढे वाचत होते, आणि पुढचं वाक्य मला मोठ्याने वाचवेना. जुनी कागदपत्रं पाहता, इशाऱ्याचे दिवे नियमाप्रमाणे वळणाच्या पलीकडे लावलेले होते. तरीही अपघात झाला, त्या अर्थी हडार्ट स्वतःच निष्काळजीपणे चालत्या रस्त्यात उभे राहिले असावेत.

"थांबलीस का?" एव्हरिलने विचारलं.

मी तेही वाचलं. ॲल्विन खिडकीबाहेर बघत राहिला. "हं," एवढंच म्हणाला.

ती जुनी कागदपत्रं म्हणजे माझा अहवाल. दिवे मी लावले होते. वळणाच्या पलीकडे नव्हे, अलीकडे. पलीकडे जायला दोनशेक पावलं चढावं लागलं असतं, वारा अंगातून आरपार जात होता, आणि मला वाटलं, एवढ्या सकाळी कोण येणार आहे. व्हॅनवाल्याला दिवे दिसले ते ब्रेक लावून उपयोग नव्हता तेव्हा. त्या दिवशी दुपारी चौकीत बसून मी लिहिलं, 'वळणाच्या पलीकडे'. कुणी विचारलं नाही. व्हॅन वेगात होती, तिच्या ड्रायव्हरने गुन्हा कबूल केला, प्रकरण मिटलं. मी पुढे सार्जंट झाले, निवृत्त झाले. दर मंगळवारी ॲल्विनकडे जात राहिले. लोक म्हणायचे, लॉर्ना फिअरनसारखी मैत्रीण मिळायला नशीब लागतं.

अपिलासाठी पोलिसांच्या संघटनेने वकील दिली, ऑड्री पिकथॉल. चांभाराच्या दुकानावरच्या माडीत तिचं ऑफिस होतं. खालून चामड्याचा आणि गोंदाचा वास यायचा. तिने मला साक्षीदार म्हणून बोलावलं.

"दिवे तुम्ही लावलेत. हडार्ट कुठे उभे होते तेही तुम्ही पाहिलंत. तेवढं लिहून द्या, म्हणजे निष्काळजीपणाचा मुद्दा खोडता येईल."

"माझा अहवाल खोटा आहे," मी म्हणाले.

वाक्य इतक्या सहज बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं. मी सगळं सांगितलं. ऑड्रीने पेन खाली ठेवलं आणि मला मधे तोडलं नाही.

"हे हडार्टना माहीत आहे?"

"नाही."

"मग ते माझ्याकडून त्यांच्या कानावर जायला नको. आणि आणखी एक ऐका. कदाचित तुमच्या जबाबाची गरजही पडणार नाही. फेरतपासणीत डॉक्टरला एकच गोष्ट बघायचा अधिकार आहे. मागच्या वेळेपासून प्रकृतीत फरक पडलाय की नाही. दुखापत कशी झाली, चूक कुणाची, हा निकाल पहिल्यांदाच लागून गेलाय. तो उकरायचा नसतो. माझा सगळा भर त्यावर राहील."

"म्हणजे मी गप्प बसले तरी चालेल?"

"खटल्यापुरतं चालेल," ती म्हणाली.

ॲल्विन परसातल्या खुराड्यापाशी होता. उजव्या हाताने दाणे टाकत होता, काठी काखेत. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं, कारण बसले असते तर बोलले नसते. त्याने डबा हळूच फळीवर ठेवला.

"अलीकडे म्हणजे किती अलीकडे?"

"वळण संपतं तिथे."

"मग त्याला दिसणारच नव्हते."

"नाही."

त्याने काखेतली काठी हातात घेतली.

"तुला ठाऊक आहे," तो म्हणाला, "त्या डॉक्टरने लिहिलंय ना, मी निष्काळजी होतो, त्याचा मला राग नाही आला. मला वाटलं, शेवटी कुणीतरी ओळखलं. दिवे वर लागलेत म्हटल्यावर मी पाठ फिरवून उभा होतो. मला नेहमी वाटत आलंय की मीच मागे बघितलं नाही. एव्हरिलला विचार. बावीस वर्षं मी झोपेत मागे वळून बघतोय."

मी म्हणाले, "मला माफ कर, ॲल्विन."

"आज जा तू," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पुढच्या मंगळवारीही नको येऊस."

मी गेले नाही. त्या मंगळवारी नाही, त्यापुढच्या सातही नाही. एव्हरिल एकदा बाजारात भेटली. तिने माझ्या टोपलीतली फुलकोबी उगाचच उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "तुझ्यावर ओरडायचं ठरवून आले होते मी. पण तो आता झोपतो गं. सलग झोपतो. मग तुला काय बोलू ते सुचत नाही."

तोवर मी जबाब लिहून ऑड्रीला दिला होता. त्याची एक प्रत खात्यालाही पाठवली, माझ्या जुन्या हुद्द्यासकट सही करून. ऑड्री म्हणाली, याने तुमच्यावरच चौकशी लागू शकते. म्हटलं, लागू दे.

सुनावणी ऑक्टोबरात होती, शहरातल्या एका हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत. अपील ऐकायला तीन डॉक्टर बसणार होते. आदल्या दिवशी एव्हरिलचा फोन आला.

"आमची गाडी गॅरेजात आहे. आगगाडीत तो एवढा वेळ बसू शकत नाही, मधे उतरून पाय मोकळे करावे लागतात. तू नेशील का? त्यानेच विचारायला सांगितलंय. मी नाही म्हणत होते."

वाटेत चारदा थांबत केलेल्या दीड तासाच्या प्रवासात ॲल्विन दोनदा बोलला. एकदा म्हणाला, हीटर कमी कर. दुसऱ्यांदा, ट्रकच्या मागे राहा, घाई नाही.

प्रमुख डॉक्टर पिकल्या केसांच्या बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. ऑड्रीने तिचा मुद्दा मांडला, तोच, आधीचा निकाल उकरायचा नसतो हा. खात्याच्या वकिलाने कागद चाळले आणि आमचं म्हणणं लेखी दिलेलं आहे एवढं म्हणून तो बसला. बाईंच्या समोर माझा जबाब होता. त्यांनी तो बाजूला केला.

"हा मी वाचला आहे. लिहिणाऱ्या बाई धीराच्या आहेत. पण आजच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, आणि खात्याच्या डॉक्टरांच्या तर्काचाही नाही." मग ॲल्विनकडे वळून त्या म्हणाल्या, "हडार्ट, दोन हजार पाचपासून तुमच्या प्रकृतीत काही सुधारणा आहे?"

ऑड्रीने त्याला बजावून ठेवलं होतं, विचारतील तेवढंच सांगा. ॲल्विनने विचार केला.

"आहे, बाई. हाताची दोन बोटं थोडी वळतात आता. तीनेक वर्षं झाली असतील. कबुतराचा पाय धरता येतो, फार फडफडलं नाही तर."

ऑड्रीने डोळे मिटून घेतले.

"आणि खुबा?"

"तो बिघडलाय. पूर्वी अर्धा तास बसायचो, आता वीस मिनिटं. तुम्ही बघताय, मघापासून मी उभाच आहे."

बाईंनी हात तपासला, बोटं वळवून पाहिली. दुसऱ्या डॉक्टरने खुबा तपासला. बाईंनी काहीतरी लिहिलं. "ही बोटं कुठला मालक कामाला ठेवेल असं तुम्हाला वाटतं?" त्यांनी विचारलं.

"कबुतरच ठेवेल," ॲल्विन म्हणाला. तिघंही डॉक्टर हसले, आणि खात्याचा वकीलसुद्धा.

निकाल पाच आठवड्यांनी आला. चौथी श्रेणी कायम. मधल्या महिन्यांतली कापलेली रक्कमही परत. बोटांची सुधारणा नोंदवली होती, आणि त्याने कमाईत फरक पडत नाही असंही. मला खात्याकडून एका ओळीचं पत्र आलं, जबाब नोंदीला जोडला आहे. चौकशी काही लागली नाही. मला वाटत होतं, लागावी.

नोव्हेंबरात ॲल्विनने स्वतः फोन केला.

"एव्हरिलच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे गुरुवारी. परत आणायला गाडी लागेल."

"मी येते."

"मंगळवारचं अजून माझ्याच्याने होत नाही, लॉर्ना. ते मागू नकोस."

"नाही मागत."

"गुरुवारी ये. साडेनऊला. आणि पेट्रोल भरून ये, मागच्या वेळी काटा तळाला होता. सगळा रस्ताभर मी तोच बघत बसलो होतो."