उघडत नाही, सबब रिकामा

मी एक जुना लाकडी खण आहे. शब्दकोशाच्या कचेरीतल्या उंच कपाटाला आम्ही साठ खण, आणि प्रत्येकाच्या पोटात शब्दांची कार्डे. माझा नंबर तेवीस. शेजारच्या बावीस नंबराला स्वस्थपणाचे शब्द मिळाले: शांत, निवांत, निश्चल, ढिम्म. माझ्या वाट्याला नेमके उलटे आले. चुळबुळ, वळवळ, लगबग, धडपड, तळमळ, थरथर. बावीस नंबर सुखाने घोरत असे. मी मात्र पहिल्या दिवसापासून भित्रा. मित्रांनो, यात माझा दोष नाही. पोटात बारा महिने थरथर बाळगून कोणी शूर झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

मला घडवणाऱ्या सुताराने माझ्या कडांना मेण घासले आणि म्हणाला, "खण कसा, बोट लावलं की पळत आला पाहिजे." आणि मी पळत येत असे. मला बोट लावणारी बहुधा मावशी असे. ती कोणाचीच मावशी नव्हती, कोशाचे काम करणारी होती. पण साहेबही तिला मावशीच म्हणत. तिचा एक कडक नियम होता. जो शब्द आणेल त्याने उदाहरणही स्वतःच्या अनुभवातले द्यायचे आणि खाली सही करायची. उसने उदाहरण चालणार नाही. म्हणून माझ्या कार्डांवर अशी वाक्ये आहेत: 'चुळबुळ: साहेब भाषणाला उभे राहिले की खुर्च्यांत होते ती.' 'लगबग: पाचला दहा मिनिटे असताना होते ती.' एकच कार्ड कोरे राहिले, 'धडधड'. छातीत धडधड होते असे लिहून खाली सही कोण करणार?

मावशी निवृत्त झाली. त्यानंतरच्या एका दमट वर्षी माझे लाकूड फुगले आणि मी कपाटात गच्च अडकलो. कोणीतरी दोनदा ओढून पाहिले, तिसऱ्यांदा लाथ मारली, आणि मग सगळे मला विसरले. हालचालीचे सगळे शब्द पोटात, आणि मी स्वतः जागचा हलेना! आठ वर्षे अशी गेली.

मग कचेरीत यंत्र आले. साऱ्या खणांतली कार्डे त्यावर उतरवायची आणि कपाट मोडीत काढायचे, असे ठरले. यादी करणारा कारकून माझ्यापाशी आला. त्याने मूठ धरून एक हिसका दिला आणि मोठ्याने बोलत लिहिले, "तेवीस. उघडत नाही, सबब रिकामा."

मित्रांनो, त्या चार शब्दांनी माझा थरकाप झाला. माझ्या कार्डांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. नव्या कोशात ढिम्म असणार होते, धडपड नसणार होती! ओरडावे तर तोंड नाही. आठ दिवस मी एकेका खणाचे रिकामे होणे ऐकत राहिलो. शेवटच्या दिवशी हमाल आले तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

त्यांनी कपाट तिरके केले. माझ्या पोटातली कार्डे एका बाजूला सरकली.

"साहेब, ह्यात काहीतरी हलतंय," थोरला हमाल म्हणाला.

"उंदीर असेल. उचला," कारकून म्हणाला.

"उंदीर नाही तो," दारातून आवाज आला. "माझी अर्धी नोकरी आहे ती. खाली ठेवा कपाट!"

कपाटाला शेवटचे पाहायला मावशी आली होती.

"मावशी, यादीत तो रिकामा आहे," कारकून म्हणाला.

"मग यादीला सांग उघडायला."

कारकून छिन्नी घेऊन आला. तिची धार माझ्या कडेला टेकली आणि माझे उरलेसुरले धैर्यही गेले. मावशीने छिन्नी काढून घेतली, चोवीस नंबर बाहेर काढला आणि त्या पोकळीतून हात घालून मागून मला हळूहळू ढकलू लागली. "ये रे," ती पुटपुटली, "आलास बघ." मी कुरकुरलो, अडलो, आणि एकदम बाहेर आलो.

सगळी कार्डे शाबूत होती. मावशी खाली बसली. तिने कोरे कार्ड शोधले आणि कारकुनाच्या खिशातले पेन न विचारता घेतले. 'धडधड: अडकलेला खण उघडताना होते ती.' खाली ठसठशीत सही केली.

आता मी यंत्राशेजारी टेबलावर असतो. माझ्यात टाचण्या ठेवतात. भीती गेलेली नाही. झाडूवाली जवळ आली तरी मी दचकतो. एवढेच मागणे आहे, मित्रांनो: कोणी गप्प बसले, उघडेना, म्हणून त्याला रिकामे लिहू नका. आधी थोडे तिरके करून कान लावा. आणि जमले तर वर्षातून एकदा मेण घासा.