टॉबिनची किंमत

काही माणसं दुसऱ्याच्या पोटात दुखावं म्हणूनच जन्माला येतात. टॉबिन ॲस्क्यू त्यांतलाच एक आहे, असं वेंडेल क्राउझचं ठाम मत झालं होतं, आणि सराव शिबिर सुरू होऊन अजून आठवडासुद्धा उलटला नव्हता.

विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा कॉलेजच्या मैदानावर ऑगस्टच्या उन्हात अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघाचे ऐंशी धटिंगण सकाळ-संध्याकाळ एकमेकांवर आदळत होते. महिनाअखेर त्यांतल्या बऱ्याच जणांना नारळ मिळणार होता. वेंडेलला याची धास्ती कधीच वाटली नव्हती. अकरा वर्षं तो संघाचा स्नॅपर होता. म्हणजे काय, तर ओणवं व्हायचं आणि पायांच्या फटीतून चेंडू मागे सणसणीत फेकायचा. मागे दूर उभा असलेला गडी तो झेलतो आणि लाथ मारून आभाळात उडवतो. बस, एवढंच काम. पण ते चुकलं तर सामना गेलाच म्हणून समजा. स्नॅपरचं नाव लोकांना कळतं ते चेंडू भलतीकडे गेला तरच. अकरा वर्षांत वेंडेलचं नाव कुणालाही कळलं नव्हतं, आणि त्याला त्याचा केवढा तरी अभिमान होता.

अशात हा अलाबामाचा पोरगा उपटला. अडवायला सांगा, समोरच्याला आडवा करी. झेलायला सांगा, एका हाताने झेली. चेंडू घेऊन पळायला सांगितलं तर तिघांना अंगाखांद्यावर घेऊन पळे. एकदा सहज गंमत म्हणून फेकायला दिला, तर पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या गड्याच्या छातीवर नेऊन आदळला. नव्या पोरांना रात्रीच्या जेवणाला खुर्चीवर उभं करून गायला लावायची तिथे रीत होती. बाकीच्यांनी हुर्यो करायची आणि पाव फेकून मारायचे. टॉबिनने आपल्या गावच्या चर्चमधलं भजन म्हटलं आणि वाढणाऱ्या बाईंनी ॲप्रनला डोळे पुसले. मारायला म्हणून हातात घेतलेला पाव वेंडेलला मुकाट्याने स्वतःच खावा लागला.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," तो शेजारच्या गसला म्हणाला. गस म्हणजे वेंडेलने फेकलेला चेंडू आभाळात उडवणारा. दोघांची जोडी जुनी होती.

"चिंध्या?" गस म्हणाला. "अरे, इथे अख्खं कापडाचं दुकान चालत आलंय. तुझं जळतंय, सरळ सांग ना."

"माझं कशाला जळेल? त्याचा माझा धंदा वेगळा."

तो वेगळा होता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. सकाळी मुख्य कोच हॅगर्टी सूर्यफुलाच्या बिया चघळत आले आणि म्हणाले, "वेंडेल, या टॉबिनला जरा तुझं काम शिकव. जमतंय का बघू."

वेंडेलच्या पायाखालची जमीन सरकली. संघात जागा मोजक्या. टॉबिनच जर स्नॅपही करू लागला, तर कोचची एक जागा वाचत होती, आणि ती जागा कुणाची हे सांगायला ज्योतिषी नको होता. वेंडेल पस्तिशीला आला होता आणि त्याला दुसरं काहीही येत नव्हतं.

"सर, अंगठा कुठे ठेवू?" टॉबिनने विचारलं. दक्षिणेकडचा असल्यामुळे सगळ्यांना सर म्हणायचा. रीतीप्रमाणे वेंडेलचं हेल्मेटही तोच उचलून आणायचा, आणि तेही पुसून. वेंडेलला त्याचाही राग यायचा. त्याने अंगठा मुद्दाम चुकीच्या जागी ठेवायला सांगितला. दोन दिवस टॉबिनचे चेंडू कुंपणावर गेले. तिसऱ्या दिवशी पोराने अंगठा आपल्या आपणच योग्य जागी नेला, चेंडू गसच्या हातात आला आणि टॉबिन धावत येऊन म्हणाला, "सर, तुमच्यामुळे जमलं!"

त्या संध्याकाळी वेंडेलने घरी फोन केला. बायको लोरीन म्हणाली, "अरे, तो टॉबिन कसा आहे? आपल्या पेपरातसुद्धा फोटो आलाय. हसतो किती गोड!"

"तू पेपर कशाला वाचत बसतेस?"

"बाई गं! एवढं चिडायला काय झालं?" मग तिचा आवाज उतरला. "वेंडेल, तुझी जागा तर जात नाहीये ना?"

"काहीतरीच बोलू नकोस," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दोन आठवड्यांनी हॅगर्टींनी त्याला खोलीवर बोलावलं. "हे बघ, बाकीचे कोच चेंडू कुठे पडला तेवढं बघतात. तू हात बघतोस. खरं सांग, पोरगा तुझं काम करू शकेल? त्याची किंमत किती धरू मी?"

पोराला जमत नाही म्हणावं, तर हॅगर्टी स्वतः बघायला येणार, आणि पोराला तर जमत होतं. जमतं म्हणावं, तर आपल्याच पायावर कुऱ्हाड. वेंडेलने घोटभर कॉफी घेतली. तेवढ्यात त्याला तिसरी वाट दिसली, आणि ती सुचल्याबद्दल तो स्वतःवरच खूश झाला.

"कोच, शर्यतीचा घोडा नांगराला जुंपताय तुम्ही," तो म्हणाला. "स्नॅप करताना मान खाली असते. समोरचा येऊन थेट मानेवर बसतो. हे काम ज्याला दुसरं काही येत नाही त्यानेच करावं. या पोराची मान मोडली तर काय करणार?"

"एवढा मोठा आहे तो?"

"तुम्ही त्याला एका जागी बसवलंय म्हणून दिसत नाही. त्याची पहिली दोन पावलं बघा. अडवायला निघालाय की पळायला, समोरच्याला पत्ता लागत नाही. बाकी सगळ्यांचे खांदे आधीच चुगली करतात. याचे करत नाहीत. डावीकडे वळताना नजर उजवीकडे ठेवतो. दमला की डावा हात मांडीवर पुसतो, तेव्हा एक डाव बाहेर बसवा, पुढच्याला परत ताजा. रोज जागा बदलत राहा त्याची. कधी झेलू दे, कधी मागून पळू दे. त्याला धरायला कुठला माणूस ठेवायचा, हेच समोरच्या संघाला ठरवता येणार नाही."

निघाला होता चार थापा मारायला, पण बोलता बोलता वेंडेलच्या लक्षात आलं की यातला शब्दन् शब्द खरा आहे. प्रेमाने बघणारा बघत नाही एवढं जळणारा बघतो. दोन आठवडे त्याने त्या पोरावरून नजर काढली नव्हती.

हॅगर्टी बिया चघळायचे थांबले होते.

पुढच्याच सराव सामन्यात टॉबिन पाच जागी खेळला आणि समोरच्या संघाची दाणादाण उडाली. पेपरवाले त्याच्यामागे धावले. स्नॅपचा विषय कुणी परत काढला नाही. दुसऱ्या दिवशी डोनटचा खोका घेऊन टॉबिन वेंडेलच्या दारात उभा.

"सर, कोचनी सांगितलं मला. आजवर सगळे म्हणायचे, याला सगळ्यातलं थोडं थोडं येतं, म्हणजे धड काहीच येत नाही. कॉलेजातही तेच ऐकलं. माझी काही किंमत आहे असं म्हणणारे तुम्हीच पहिले. मी आईलासुद्धा फोन करून सांगितलं." त्याचे डोळे भरून आले होते.

"बरं बरं," वेंडेल म्हणाला. त्याने खोका हातात घेतला. पोरगं आता टीव्हीवर झळकणार, लाखोंनी कमावणार, आणि त्याला वर चढवणारा हात आपला! जळफळाट आधीपेक्षा दुप्पट झाला. पण निदान आपली जागा शाबूत आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

कपातीच्या दिवशी सकाळी एर्व्ह नावाचा म्हातारा नोकर दारं ठोठावत फिरतो. ज्याचं दार वाजेल त्याला एकच वाक्य ऐकवतो. त्या वाक्यात पुस्तकाचा उल्लेख आला की संपलं. डावांचं ते जाडजूड पुस्तक संघाचं असतं, जाणाऱ्याने परत करायचं असतं. वेंडेल आरामात दाढी करत होता. दार वाजलं.

"कोचनी बोलावलंय," एर्व्ह खाली बघत म्हणाला. "येताना पुस्तक घेऊन ये."

"एर्व्ह, खोली चुकलास तू."

"नाही रे बाबा."

हॅगर्टींनी त्याला समोर बसवलं. "स्नॅपरला दुसरं काही येऊ नये, हे तूच मला पटवलंस. मग ते काम एखाद्या स्वस्तातल्या तरण्या पोराला का देऊ नये? पण तुला मी घरी पाठवत नाहीये. माझे सहा कोच त्या पोराला रोज बघत होते, आणि त्यात काय आहे ते एकट्या तुला दिसलं. तेही तुझ्याच जागेवर तो बसणार असताना! असा सरळ माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. आजपासून तू पोरं पारखायची."

वेंडेलने तोंड उघडलं. तो सरळपणा नव्हता, पोटातली आग होती, हे त्याला सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर हीसुद्धा भाकर गेली असती. त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं.

"चल," हॅगर्टी टोपी चढवत म्हणाले. "तीन स्नॅपर आलेत. त्यांतला एक निवडून दे."

मैदानावर तीन पोरं आळीपाळीने ओणवी होत होती. गसला बरं नव्हतं, म्हणून चेंडू झेलायला मागे टॉबिन उभा होता. अर्थात, तेही त्याला येत होतंच. पहिल्याचे चेंडू डगमगत गेले. दुसऱ्याचे ठीक गेले. तिसरा आयोवाचा एक किडमिडीत पोरगा होता. तो वाकला आणि चेंडू असा गेला की टॉबिनला हात हलवावा लागला नाही.

"सर, बघितलंत?" टॉबिन आनंदाने ओरडला.

वेंडेलने बघितलं होतं. हा पोरगा अकरा वर्षं, कदाचित पंधरा वर्षं तिथे ओणवा होणार होता. वेंडेलने त्याच्या मनगटात खोट शोधली, पावलांत शोधली, वाकायच्या आधीच्या श्वासात शोधली. जीव तोडून शोधूनही कुठे सापडली नाही.

"तिसरा," तो म्हणाला.

"कशावरून म्हणतोस?" हॅगर्टींनी विचारलं.

वेंडेलच्या पोटात असा डोंब उसळला होता की त्याला एक शब्दही शोधावा लागला नाही.