वैशाखातला आषाढ

आजवर एकाही गिऱ्हाइकाने धाकूकडे काळे ढग मागितले नव्हते.

पांढरे मागायचे. कापूस पिंजल्यासारखे, लग्नाला शोभतील असे. पार्ल्याला विद्याधरपंतांच्या स्टुडिओत धाकूचं कामच ते. भर उन्हात काढलेल्या फोटोत माणसं नीट यायची, पण वरचं आकाश पांढरंफटक, जणू कुणी खाऊन टाकलंय. मग धाकू अंधाऱ्या खोलीत आधी खालचा भाग छापायचा, तो पुठ्ठ्याने झाकायचा आणि वरच्या कोऱ्या जागेत दुसऱ्याच काचेवरचं आकाश उतरवायचा. बिस्किटांच्या जुन्या डब्यात अशा सात काचा होत्या. सात आकाशांवर निम्म्या उपनगराची लग्नं, मुंजी आणि नवे बंगले निभावले होते.

आणि हा श्यामकांत नावाचा माणूस, परीटघडीचं धोतर, बगलेत चामड्याची बॅग, म्हणतो कसा, "आषाढातलं आभाळ पाहिजे. आत्ता कोसळेल असं."

फोटो शेताचा होता. उघडंबोडकं, भेगाळलेलं. माणूस नाही की जनावर नाही. कडेला चुन्याने रंगवलेला क्रूस.

"कशाला हवाय हो?" धाकूने विचारलं.

"कॅलेंडर काढायचंय."

"ह्या माळाचं?"

"तुला काय करायचंय रे? तू ढग लाव." मग तो पंतांकडे वळला. "पाठीमागे तुमचा शिक्का हवा. आणि तारीख, जुलै पंचावन्न."

चालू होता छप्पनचा मे. कॅलेंडरच्या चित्रावर गेल्या वर्षीची तारीख कोण टाकतो? धाकूच्या मनात पाल चुकचुकली.

"आणि हे कोपऱ्यातले काळे डाग पुसून टाक. धुताना पडलेत वाटतं."

धाकूने भिंग लावलं. शेताच्या वरच्या अंगाला चार चौकोन, कोळशासारखे. डाग कसले? राब होता तो! भांडुपला त्याचा बाप दर उन्हाळ्यात असाच पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायचा. त्या जळक्या तुकड्यात भात पेरायचं, रोपं वाढली की उपटून शेतभर लावायची. राब काळा दिसतो तो पावसाआधी. जुलैत तिथे हिरवंगार असतं. आणि राब भाजलेलं शेत ओसाड नसतं. कुणीतरी त्यात पेरणार असतं.

त्या धोतरवाल्याला हे ठाऊक नव्हतं. भात ताटात उगवतो एवढीच त्याची शेती.

"खरवडले तर ओरखडे राहतील," धाकू सावधपणे म्हणाला. "कुणी भिंग लावलं की पकडले जाल. त्यापेक्षा राहू द्या. वर काळं आभाळ आलं की ती पावसाची डबकी वाटतील."

"अरे वा! डोकं आहे की तुला!"

तो गेल्यावर धाकू पंतांना म्हणाला, "कॅलेंडर-बिलेंडर सगळ्या थापा आहेत. हे कोर्टाचं काम आहे."

"असेल." पंतांनी चष्मा पुसला. "गिऱ्हाईक म्हणून आलेल्या त्या नीलाबाईंच्या बंगल्याच्या फोटोवर ढग लावलेस, तेव्हा विचारलंस का, खरे होते का म्हणून?"

"त्यानं कुणाचं काही गेलं नाही."

"यानं कुणाचं जातंय हे तुला कुणी सांगितलं? शुक्रवारी तयार ठेव. आणि जीभ आत ठेव."

कुणी सांगितलं नव्हतं खरं. पंतांनीही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं, कळलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. शिकलेल्यांची ही जुनी हुशारी.

धाकूने शुक्रवारी काम दिलं आणि रविवारी मरोळ गाठलं. फोटोतला क्रूस मरोळच्या वाटेवरचा, हे त्याने ओळखलं होतं. शेजारी तेच शेत, तेच चार काळे चौकोन. पलीकडच्या घरापुढे साठीचा एक उघडा माणूस कोयत्याला धार लावत होता. ते शेत कसणारा कॉस्मस.

"कोन रं तू? शेटचा मानूस?"

"नाही. फोटोवाला."

याहून वाईट उत्तर नव्हतं. कॉस्मस कोयत्यासकट उठला. "मागच्या हप्त्यात पन एक फोटोवाला आल्ता. मी बाजारात, आन तो माझ्या शेतात!"

त्याची बायको रोझमेरी दारात आली. "ह्याला पानी पन देव नको. पानी पिऊन नोटीस चिकटवून जातात मेले."

अर्धा तास शिव्या खाल्ल्यावर धाकूला गोष्ट कळली. जमीन शेठची, कसणारं कूळ कॉस्मस. गेल्या पावसाळ्यात कॉस्मसने जमीन पडीक ठेवली, म्हणून त्याला काढा, असा शेठचा अर्ज होता. श्यामकांत शेठचा कारभारी. गुरुवारी मामलेदारापुढे सुनावणी.

"वीस मण भात पिकवला," रोझमेरी म्हणाली. "लेकीच्या लग्नात निम्मा उठला. खाल्लेला भात साहेबाला कसा दाखवू?"

"फोटोत राब शिल्लक ठेवलाय मी," धाकू म्हणाला. "वर पावसाळी ढग आहेत, मागे तारीख गेल्या जुलैची. तेवढंच दाखव. माझं नाव घेऊ नकोस, नोकरी जाईल."

कॉस्मसने कोयता खाली ठेवला. "ढग तूच लावलं?"

"हो."

"आन सांगायला आला तो पन तूच?"

"हो."

"मंग तू कोनाचा?"

धाकू क्रूसाच्या वाटेला लागला.

गुरुवारी अंधेरीच्या कचेरीत तो मागच्या बाकावर बसला. शिक्क्याची ग्वाही द्यायला पंत आले होते; त्यांची पिशवी धरायला म्हणून धाकू. मामलेदार तरुण होता, शहरात वाढलेला. फोटो बघून म्हणाला, "पावसाळा तर स्पष्ट दिसतोय. शेतात मात्र एक रोप नाही."

"साहेब, हा राब हाय," कॉस्मसने जाड बोट ठेवलं. "जुलैत राब काळा ऱ्हातो का?"

मामलेदाराने फोटो डोळ्यांजवळ नेला. श्यामकांत गालात हसत पुढे झाला. "राब कसला साहेब? डबकी आहेत ती. पावसाची."

"हं," मामलेदार म्हणाला. "डबकीच वाटतात."

धाकूचाच शब्द! शहाणपणा करून ज्या माणसाच्या हातात दिला, त्याने तोच कॉस्मसच्या मानेवर ठेवला होता. कॉस्मसने मागे वळून पाहिलं. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. नुसतं पाहिलं, जणू म्हणत होता, ठाऊकच होतं मला.

"डबकी नाहीत, साहेब!" धाकू उभा राहिला. "डबकी म्हणा असं मीच त्यांना शिकवलं."

"धाकू, खाली बस," पंत दबक्या आवाजात म्हणाले.

"हे ढग मी लावलेत. वैशाखातल्या फोटोवर. पांढऱ्या ढगांची काच उजेडात जास्त वेळ धरली की काळे छापतात. पटत नसेल तर दुकानात माणूस पाठवा. पंतांच्या स्वतःच्या बंगल्याचा फोटो दर्शनी काचेत लावलाय, त्यावर हेच ढग आहेत. डावीकडचा बोकडाच्या तोंडासारखा, तोसुद्धा!"

कचेरीत कुणीतरी खुदकन हसलं. मामलेदार हसला नाही. "शिक्का तुमचाच ना?" त्याने पंतांना विचारलं.

"शिक्का माझा. आकाश... आकाशाचं मी काही पाहिलं नाही."

शिपाई जाऊन तो बंगल्याचा फोटो घेऊन आला. दोन्ही फोटो टेबलावर शेजारी ठेवले गेले, तेव्हा श्यामकांत खिडकीबाहेर बघत होता. शेठकडे दुसरा पुरावा नव्हता. अर्ज फेटाळला गेला.

पायऱ्यांवर पंतांनी पिशवी ओढून घेतली. "उद्यापासून येऊ नकोस. खाल्ल्या मिठाला जागला नाहीस."

"जागलो असतो तर तो उपाशी मेला असता," धाकू म्हणाला. पण पंत पुढे गेले होते.

कॉस्मस आणि रोझमेरी जांभळाच्या झाडाखाली थांबले होते. आभार वगैरे काही नाही.

"काय पायजे तुला?" कॉस्मसने विचारलं.

"काही नको."

"काय नको म्हननारा मानूस मी अजून बगितला नाय."

"मग आज बघ!" धाकू भडकला. "नोकरी गेली माझी!"

रोझमेरीने त्याचा हात उलटा करून पाहिला. औषधाच्या पाण्यात भिजून बोटं तपकिरी पडली होती, मऊ, सुरकुतलेली.

"ह्या हातानं रोपं उपटशील? लावनीला मानूस लागंल."

"बापाबरोबर दहा वर्षं उपटलीत."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. विश्वास दोघांच्याही डोळ्यांत नव्हता.

"बघू," कॉस्मस म्हणाला.