पडक्या टपालघरातली उत्तरं

गोऱ्या साहेबांनी वसवलेल्या त्या पडक्या शहरातला दगडन् दगड आपल्याला ओळखतो, असं थापेकाका येईल त्या पाहुण्याला ऐकवत, आणि लगेच स्वतःच सांगून टाकत, की गेल्या महिन्यात आपण आत असे चुकलो, की एका शेळीच्या मागोमाग बाहेर पडावं लागलं. चाळीस वर्षं ते तिथे गाईड होते. शाळा चौथीतच सुटलेली, त्यामुळे इतिहास कमी पडला की थाप. नाव लोकांनी उगाच नव्हतं ठेवलं.

त्यांची लाडकी थाप टपालघराची. छप्पर कधीच गेलेलं, आत झाड माजलेलं, पण बाहेरच्या भिंतीतली पत्रपेटी शाबूत. "गेलेल्या माणसाला यात पत्र टाका, उत्तर येतं," असं ते गंभीर चेहऱ्यानं सांगत. लोक हसत हसत चिठ्ठी टाकत, आणि जिच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असेल तिचं उत्तर म्हणून काका घरी बसून, गालातल्या गालात हसत, एखादी ओळ पोस्टानं धाडून देत.

त्या दुपारी एकच पाहुणी होती, पन्नाशीची, हातात कापडी पिशवी. कचेरीच्या जिन्यापाशी काका तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "तिसरी पायरी हलते. जपून."

"आधी येऊन गेलात वाटतं?"

"एकदाच, वर्षापूर्वी. या बाजूला नव्हतो आलो आपण. आमच्या यांनी पत्रात कळवलं."

काकांना ती आठवली. नवरा गेलेला. तिला त्यांनी एकच ओळ लिहिली होती: 'मी इथेच आहे, ये.' पायरीबियरीचं त्यात काही नव्हतं.

आता तीच पुढे चालत होती, गवतातले खड्डे न बघता चुकवत, आणि काका आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्याच्या मागून. टपालघराच्या उंबऱ्याशी ती थांबली. पलीकडची जमीन तळघरावर नुसती टेकलेली. काकांनीही तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. पिशवीत दोन जोड कपडे दिसले, वर चष्म्याचं घर.

"मी राहतेय आता इथेच."

तिचा एक पाय आत पडला आणि खालून माती झरल्याचा आवाज आला.

"ताई, मागे या," काका ओरडले. "मस्करी होती ती. पत्र मी लिहिलं, ते अक्षर माझंच. हे बघा, कान धरतो." आणि त्यांनी खरंच धरले.

तिनं पिशवीतून दोऱ्यानं बांधलेला पाकिटांचा गठ्ठा काढला आणि पोराकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं.

"पहिलं तुमचं, हे मला तेव्हाच कळलं होतं, काका. पण मग ही बाकीची अकरा कुणी लिहिली? आणि शेवटच्यात यांनी तुम्हालाही आत घेऊन यायला का सांगितलंय?"